अक्काचा अर्धा तास

पहाटे पाचला फोन एकदा वाजून थांबला. मी उशीवरून मान उचलतो न उचलतो तोच पुन्हा एकदा वाजला आणि पुन्हा थांबला. उठून बसलो, फोनच्या उजेडात नाव वाचलं... 'अक्का'. अक्का काही परगावी नव्हती. तिच्या आणि माझ्या खाटेमध्ये एक भिंत होती, इतकंच. हाक मारली असती तरी ऐकू आली असती. पण हाक मारण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता, आणि उरला असता तरी तिनं फोनच केला असता, कारण नियम म्हणजे नियम आणि तो नियम मी केलेला होता. दोन मिस्ड कॉल म्हणजे, 'आज मला जमत नाही, माझा अर्धा तासही तूच घे.' अकरा वर्षांत तिनं असे दोन कॉल कधी दिले नव्हते. त्या पहाटे दिले आणि साडेपाच वाजायच्या आत ती गेली. माझी थोरली बहीण एस्तेर, जन्मभर नर्स, म्हणून लोकांची शिष्टरबाई. सात आठवडे झाले या गोष्टीला. भेटायला येणारे येऊन गेले, सांत्वनाची वाक्यं बोलून गेले. लिहायला बसलोय खरा, पण खरं सांगायचं तर थकून गेलोय.

हा नियम काय, ते आधी सांगायला हवं. घोडेगावच्या जवळ आमचं गाव, गावात आमची छोटी मंडळी, तीसेक घरांची. चर्चच्या दारामागे भिंतीवर एक फळी आहे, तिच्यावर दर महिन्याला एक कागद लागतो. साखळी प्रार्थनेचा. पहाटे चार ते सात, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, प्रत्येक रकान्यात एकाचं नाव. ज्याचा त्याने आपापल्या घरी बसून तेवढा वेळ प्रार्थना करायची. वरती मोठ्या अक्षरांत 'विनंती' म्हणून ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव आणि काय मागायचं ते. हा कागद मी तयार करतो. मी हायस्कुलात गणिताचा मास्तर, शाळेचं वेळापत्रक तीस वर्षं माझ्याच गळ्यात होतं. वेळापत्रकात रिकामा रकाना दिसला की मला जेवण जात नसे. निवृत्त झालो तशी ती सवय घेऊन चर्चमध्ये आलो. पूर्वी साखळीत कुणीतरी झोपून राहायचं आणि मधे खंड पडायचा. मी नियम काढला. आपला अर्धा तास संपला की पुढच्याला एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे 'माझं झालं, तू धर'. पुढच्यानं उलट एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे 'धरलं'. दोन दिले तर जमत नाही. अक्काची वेळ पाच ते साडेपाच, माझी साडेपाच ते सहा. ती निवृत्त होऊन केव्हाच आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली होती, आणि मी नियम काढला त्या दिवसापासून हेच चाललं होतं. माझी बायको विमल हसायची, "अहो, भिंतीवर टकटक केली तरी भागेल की." त्यावर अक्का म्हणायची, "न्हाई बाई, मास्तर शेरा मारतील वहीत."

ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील दुसऱ्यांच्या शेतात मुकादम. अक्का नर्सिंग शिकली आणि जामखेडकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात लागली, ती निवृत्तीपर्यंत तिकडच्याच गावांमध्ये फिरत राहिली. लग्न केलं नाही. का नाही केलं हे मी एकदाच विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुझी फी भरायची हुती, आन् मग सवय झाली." माझं कॉलेज, माझी शाळेतली नोकरी, माझं लग्न, सगळं तिच्या पायांवर उभं राहिलं. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे जायचो. एका सुटीत ती रोज संध्याकाळी कामावरून येऊन चहा घ्यायची आणि सायकल काढून परत जायची, एका वस्तीवर. बबन नावाच्या शेतकऱ्याची म्हातारी आई तिथं शेवटच्या घटका मोजत होती. मी चिडायचो. मी आठ दिवसांसाठी आलोय आणि ही कुठल्या परक्या म्हातारीपाशी जाऊन बसते. एक दिवस मागोमाग गेलो. अक्का जमिनीवर बसली होती, शेजारी पाण्याची स्टीलची वाटी, आणि कापसाचा ओला बोळा म्हातारीच्या ओठांवरून फिरवत होती. औषध नाही, सुई नाही. परत येताना मी विचारलं, "हे काय नर्सचं काम आहे?" ती सायकल ढकलत चालत होती. म्हणाली, "सुई टोचायचं काम कंपाउंडर बी करतो."  वीस वर्षांचा मी, मला काय कळणार होतं. साठीतही कळलं नाही, ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. मी काविळीचं झाडपाल्याचं औषध सुचवत होतो, तर ती म्हणाली, "दुखत न्हाई, खाज सुटलीय आन् वजन उतरलंय. ही ती कावीळ न्हाई." नगरला तपासण्या झाल्या. रिपोर्टचा लिफाफा डॉक्टरांनी उघडायच्या आधी तिनंच बाकावर बसून वाचला, घडी घालून परत ठेवला आणि मला म्हणाली, "चल, रसवंती दिसली तर थांबव." स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. तिनं रस पूर्ण प्यायला. मला ग्लासभर जात नव्हता. माझ्या हट्टापायी दोनदा केमो घेतली. दुसरीनंतर दहा दिवस तोंडात नुसते फोड, पाणीसुद्धा गिळवेना. तिसरीच्या तारखेला ती सकाळी अंघोळ करून, नीट वेणी घालून खाटेवर बसली आणि म्हणाली, "न्हाई यायचं मला." मी आदळआपट केली. देवानं दिलेलं आयुष्य असं टाकून द्यायचं नसतं, असं बरंच तोंड वाजवलं. ती ऐकून घेत राहिली. मग पाळकसाहेबांना बोलावून घेतलं आणि आमच्या दोघांसमोर एक कागद लिहिला. स्वच्छ अक्षरात, पेशंटचा चार्ट भरावा तसा. दुखणं कमी करणारी औषधं द्यावीत. मशीन नको, नळी नको, अतिदक्षता विभाग नको. घरी राहायचं आहे. खाली सही. पाळकसाहेबांची सही, माझी सही. कागदाची चौघडी करून तिनं माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला. तेव्हापासून शर्ट बदलला तरी तो कागद मी खिशातच ठेवत गेलो.

पाळकसाहेब वयानं तरुण, आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झालेली. बाहेर पडताना मी त्यांना अडवलं. "साहेब, हे पाप नाही का? जीव देण्यासारखंच झालं हे." ते चपला घालत थांबले. म्हणाले, "सर, जीव घेणं वेगळं आणि जाणाऱ्याला अडवून न धरणं वेगळं, असं मला वाटतं. पण मी अजून माझं कुणी असं जाताना पाहिलेलं नाही. त्यामुळं तुम्हाला ठासून सांगायची माझी लायकी नाही." मला त्यांचा राग आला. ठासून सांगणारा पाळक मला हवा होता, दोन्हीपैकी कुठल्याही बाजूनं.

साखळीच्या कागदावर तेव्हा विनंती होती, 'एस्तेर अक्का पूर्ण बरी व्हावी.' माझ्याच अक्षरात, लाल स्केचपेननं. एक दिवस अक्का म्हणाली, "शमू, ते वाक्य बदल. 'तिला दुखू नये आन् तिची नीट सुटका व्हावी' आसं लिही. लोक बिचारी पहाटं उठून बसत्यात, आन् मागत्यात भलतंच." मी म्हणालो, "बदलतो." आणि बदललं नाही. दर रविवारी चर्चला जाऊन त्या फळीसमोर उभा राहायचो, खिशात पेन असायचं, आणि तसाच परत यायचो. ते वाक्य लिहिणं म्हणजे सगळ्या मंडळीच्या देखत बहिणीच्या अंगावर माती लोटणं, असं वाटायचं मला. अक्का विचारायची, "लिहिलंस का?" मी म्हणायचो, "लिहिलं." चर्चपर्यंत चालत जाऊन खात्री करून घेण्याची ताकद तिच्यात नव्हती आणि माझी बेशरमी अशी की, मला त्याचाच आधार होता.

मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे, दानिएलदादा एकदा भेटायला आले. भले गृहस्थ, पण मनात येईल ते बोलून टाकणारे. अक्काच्या उशाशी मॉर्फिनच्या गोळ्या दिसल्या तशी त्यांची मुद्रा बदलली. म्हणाले, "सलाम अक्का. वाईट वाटून घेऊ नका, पण या गोळ्यांनी माणूस गुंगीत राहातं. प्रभूला क्रुसावर खिळताना कडू द्राक्षारस दिला होता, दुखणं बधिर व्हावं म्हणून. त्यानं तोंडाला लावला नाही. आपण दुःखापासून पळावं का?" माझी मान खाली गेली, कारण मनातून मलाही तसंच वाटत होतं. अक्का थोडी उठून टेकून बसली. "दादा, तुमी बरोबर बोलताय. पहिल्यांदा दिला त्यो त्यानं न्हाई घेतला. पन पुढचं बी वाचा की. शेवटी तहान लागली म्हनाला. मग कुनीतरी आंबेत, म्हंजी आंबलेल्या द्राक्षारसात, बोळा बुडवून काठीवरनं त्याच्या तोंडाला लावला, आन् त्यो त्यानं घेतला." दम लागला म्हणून थांबली... "बोळा लावनाऱ्याचं नाव कुनी लिहून ठेवलं न्हाई. मला नेहमी वाटतं, माझ्यासारखंच कुनीतरी आसंल. त्यालाही लोक म्हनले असतील, हे काय काम हाय."  जाताना दानिएलदादांनी विमलला हळूच विचारलं, गोळ्यांची वेळ काय असते.

आता चूक सांगतो. शुक्रवार होता. दुपारी अक्काचा श्वास एकदम चढला, ओठ निळे पडले. विमल म्हणाली, "पाळकसाहेबांना फोन करते आणि गोळी देते." मी तिला बाजूला सारलं. आदल्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून मी साक्ष दिली होती की अक्कानं अर्धी भाकरी खाल्ली, साखळीला फळ येतंय. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं होतं. इतक्या पहाटा, इतकी माणसं, आणि आता हातचं जायचं? देवाला चमत्कार करायचाच असेल तर त्याला चार दिवस तरी मिळावेत, असं माझ्या डोक्यात होतं. वेळापत्रक करणाऱ्याचा विश्वास, दुसरं काय. शेजाऱ्याची गाडी काढली, अक्काला मागच्या सीटवर आडवं केलं आणि नगरच्या रस्त्याला लागलो. शुक्रवार म्हणजे घोडेगावचा जनावरांचा बाजार, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. रस्ताभर बैल, म्हशी, टेम्पो आडवे. गाडी पाऊण तास जागच्या जागी. अक्का दोनदाच बोलली, दोन्ही वेळा एकच शब्द. "घरी." मी पुढच्या सीटवरून वाकून तिचा हात धरला होता आणि तिच्याकडे बघत नव्हतो. हॉस्पिटलात तिला आत नेलं. डॉक्टर शांत, समजूतदार बाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पेशंट नर्स होत्या म्हणता... त्यांनी स्वतः काही सांगून ठेवलंय का? काही लिहून?" कागद माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "नाही."

चार दिवस. तोंडावर घट्ट मास्क, नाकातून नळी, दोन्ही हातांत सुया. दुसऱ्या दिवशी आत सोडलं तेव्हा तिचे हात मऊ पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधलेले दिसले. नळी ओढून काढत होती म्हणून बांधावे लागले, असं तिथल्या मुलीनं सांगितलं, आणि सांगताना तिलाही अवघडल्यासारखं झालं. तिचा काय दोष, डॉक्टरांना खोटं मी सांगितलं होतं. अक्काचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं, पण ती नुसती दमलेली होती. रोज पहाटे मी बाहेरच्या बाकावर फोन हातात घेऊन बसायचो. साडेपाच वाजायचे, फोन वाजायचा नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा साखळी तुटली होती, आणि ती मीच तोडली होती.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की मास्क पुरत नाही, आता घशात नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल, विचार करून सही द्या. फॉर्म हातात देऊन त्या आत गेल्या. मी पेन काढलं, तेवढ्यात समोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. "वळखलं का मास्तर? मी बबन. जामखेडकडचा. इमलताईनं फोन केल्ता, तवा कळलं." त्याला पाच मिनिटं आत जाऊ दिलं. बाहेर आला तो माझ्या शेजारी बसला आणि कितीतरी वेळ टोपी हातात घेऊन फिरवत राहिला. मग फॉर्मकडे बघून म्हणाला, "आमची आई जाया निघाली तवा मी बी आसाच घायकुतीला आल्तो. जीप सांगितली हुती नगरला न्यायला. शिष्टरबाईनी जीप माघारी लावली. म्हन्ल्या, बबन, रस्त्यात धुळीत जाईल रं ती. हितं तुज्या हातचं पानी पिऊन जाऊ दे. मला लई राग आल्ता तवा. वाटलं, ही बाई परक्या धर्माची, हिला काय आमच्या आईचं. पर रोज यायच्या सायकलवर. व्हट वलं करीत बसायच्या. शेवटच्या दिशी बोळा माज्या हातात दिला, म्हन्ल्या, आता तू. माजी आई माज्या हातचं पानी पिऊन गेली, मास्तर." त्यानं डोळे पुसले. "आन् हितं त्यांचेच हात बांधल्यात की वो..."

मला वाटतं मी तिथं मोठ्यानं रडलो. लोक बघत होते. मग खिशातला कागद काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. तारीख बघितली, माझी सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "माझ्याजवळच होता."  त्या एवढंच म्हणाल्या, "घरी नेताना त्रास होऊ नये म्हणून काय काय द्यायचं, ते लिहून देते. बसा."

घरी ती नऊ दिवस होती. मास्क निघाल्यावर त्याच दिवशी जाईल असं सगळ्यांना वाटत होतं, पण मॉर्फिननं श्वास निवला, चेहरा सैल पडला. बोलणं तुटक तुटक, पण बोलायची. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला माझा फोन एकदा वाजला. मी अंथरुणात बसून तो हातात धरून राहिलो, मग उलट एक कॉल दिला. सकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो. माफी मागायची होती. तीच म्हणाली, "कागद खिशात हुता ना तुझ्या?" मी मान हलवली. "म्हाईत हुतं मला. गाडीत वाकलास की घडी वाजायची." मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. ती म्हणाली, "चार दिवस लई वाईट गेले रे शमू. खोटं कशाला बोलू." थोड्या वेळानं, "पन तू परत आनलंस. ते बी खरं." मी विचारलं, "अक्का, तुझ्या अर्ध्या तासात तू काय मागतेस? बरं व्हायला मागत नाहीस, मग काय?" ती माझ्याकडे बघून थोडं हसली. "माझ्यासाठी मागायचं कवाच सोडलंय. तुझ्यासाठी मागते. ह्याची मूठ सैल होऊ दे, म्हनते. रोज तेच. देवाला बी कंटाळा आला आसंल."

त्या रविवारी उपासना सुटायच्या आधी मी उठलो आणि सगळ्यांच्या समोर त्या फळीपाशी गेलो. लाल अक्षरांवर रेघ मारली आणि खाली अक्कानं सांगितलं होतं तेच वाक्य लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. मग वळून सांगितलं की हे वाक्य दोन महिन्यांपूर्वीच लिहायचं होतं, तिनं सांगितलं होतं, आणि मी तिच्याशी आणि तुमच्याशी खोटं बोललो.  शेवटी दानिएलदादा उठले, कागदापाशी आले, चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "साडेसहाचा माझाच आहे. आजपासून हेच मागतो."

मग ती पहाट आली, दोन मिस्ड कॉलची. पूर्वीचा मी असतो तर गाडीची किल्ली शोधली असती. मी चपलाही घातल्या नाहीत. अक्काच्या खोलीत गेलो तर फोन तिच्या छातीवर होता आणि अंगठा अजून बटणावर. डोळे मिटलेले, श्वास मधेच थांबायचा, पुन्हा यायचा. विमल मागोमाग आली, न सांगता वाटीत पाणी आणि कापूस घेऊन. मी बोळा बुडवून अक्काच्या ओठांवरून फिरवला. पहिल्यांदा पाणी गळ्यावर ओघळलं, मला जमेना. दुसऱ्यांदा ओठ हलले आणि तिनं ते घेतलं. मग मी तिचा अर्धा तास धरला. आयुष्यात कधी न मागितलेली गोष्ट मागितली, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल अशी. म्हटलं, प्रभू, ही दमली आहे, हिला घे. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा तिच्या हाताची पकड माझ्या बोटांवर होती. ती हळूहळू सैल होत गेली. घड्याळात पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. साडेपाचला माझी वेळ सुरू झाली आणि मी तिथंच बसून राहिलो. सहाला पुढच्या घरी मिस्ड कॉल दिला, आणि मगच विमल चर्चची घंटा वाजवायला सांगायला गेली. साखळी तुटू दिली नाही... याचं कुणाला हसू येईल तर येवो.

लोक विचारतात, अक्कानं इतकी माणसं सांभाळली, तिच्याच वाट्याला असं दुखणं का. पूर्वी मी उत्तर दिलं असतं. दुःखानं माणूस शुद्ध होतो वगैरे. आता मला ती उत्तरं ऐकायचाही शीण येतो. त्या खाटेवर बांधलेल्या हातांत मला काही शुद्ध दिसलं नाही. आणि ते हात दुखण्यानं नाही, माझ्या विश्वासानं बांधले होते, हे मी विसरू शकत नाही. देवावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी मशीनवर ठेवला आणि त्याला श्रद्धा म्हटलं. ज्यांच्या घरी आज असं कुणी अंथरुणावर आहे त्यांना काय सांगू? मला ठासून सांगता येत नाही. पाळकसाहेबांची ती लायकी नव्हती, माझी तर नाहीच. एवढंच सांगतो की माणसानं काही लिहून खिशात दिलं असेल तर ते वेळेवर बाहेर काढा.

एक गोष्ट राहून गेली होती. दोन मिस्ड कॉल आले की उलट एक द्यायचा असतो, 'धरलं' म्हणून. त्या पहाटे मी तो दिला नाही, उठून तिच्याकडे गेलो. आणि नंतर देववला नाही. माझ्या फोनमध्ये तिचे ते दोन कॉल तसेच आहेत. नव्या महिन्याचा कागद केला तेव्हा पाच ते साडेपाचच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, खाली पुन्हा माझंच. रोज एक तास बसतो. काल पहाटे पाचला बसलो आणि वाटलं, पुरे झालं आता. तिचं नाव काढून बटण दाबलं. फोन बंद असल्याचं सांगतील, एवढीच अपेक्षा होती, सात आठवडे झाले होते. पण भिंतीपलीकडे तिचा फोन वाजला. मी दचकून विमलकडे बघितलं. ती अंथरुणात जागीच होती. म्हणाली, "चार्जिंग करत होते मी. तुम्ही कधीतरी कराल म्हणून."

एक रिंग पूर्ण होऊ दिली, आणि कॉल कापला.